एक नंबर बंद करा

आमच्याकडे दोन सर्व्हर आहेत आणि दोघांचं काम एकच. शहरातल्या बऱ्याच दवाखान्यांत डॉक्टरांची वेळ घ्यायची असली की पेशंट नाहीतर काउंटरवरची बाई एक अर्ज भरते; तो अर्ज पहिला सर्व्हर, म्हणजे आमचा एक नंबर, घेतो. एक नंबर आजारी पडला तर दोन नंबरने घ्यायचा, आणि भरणाऱ्याला काही कळूसुद्धा नये. ही न कळण्याची व्यवस्था सांभाळायचा मला पगार मिळतो. त्यामुळे माझं काम नीट चाललं की मी काहीच करत नाही असं सगळ्यांना वाटतं. घरीही माझी तीच ख्याती होती.

दोन नंबर या नावावरून प्रत्येक नवा माणूस एकदा विनोद करतो. आम्ही करू देतो. खरं तर दोन नंबर बिचारा भलाबुरा कुठलाच धंदा करत नव्हता. दर काही सेकंदांनी त्याला विचारलं जायचं, आहेस का? तो म्हणायचा, आहे. मग भिंतीवरच्या पडद्यावर त्याच्यापुढचा ठिपका हिरवा राहायचा. मी या नोकरीत आल्यापासून तो हिरवाच होता आणि त्या हिरव्याकडे बघून साहेब सुखाने चहा प्यायचे.

माझा धाकटा भाऊही असाच हिरवा. दर रविवारी शहराच्या दुसऱ्या टोकावरून यायचा, फळं आणायचा, बाबांच्या खुर्चीशेजारी बसायचा, आणि निघताना चपला घालता घालता म्हणायचा, "काही लागलं तर मी आहे ना, ताई." भावजय फोनवर म्हणायची, हे आहेत ना. नातेवाईक म्हणायचे, तुझं बरं आहे बाई, भाऊ पाठीशी आहे. होता. पाठीशीच होता. पुढे यायची वेळ त्याच्यावर कधी आली नाही, कारण मी कधी बंद पडले नव्हते.

आता मला बंद पडणं भाग होतं. गर्भाशयात गाठ होती आणि ती माझं रक्त पीत बसली होती. जिना चढताना मधल्या वळणावर मी भिंतीला टेकून उभी राहायचे; येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटायचं, फोन बघतेय. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनची तारीख दिली, मी पुढे ढकलली. दुसरी दिली, तीही ढकलली. तिसरी देताना त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "या वेळी आला नाहीत तर दुसरा डॉक्टर शोधा. तुम्हाला हळूहळू संपताना बघत बसायला मी इथे बसलेली नाही." बाई तोंडाच्या फटकळ, पण खोटं एक अक्षर बोलल्या नाहीत.

ढकलाढकलीचं कारण बाबा. बाबा शिंपी. दुकान गेलं, मग आई गेली, मग बाबांच्या डोक्यातून एकेक गोष्ट जायला लागली. रस्ता गेला, तारीख गेली, आम्हा दोघांची नावं गेली. माझा हात तेवढा राहिला. जेवणाचा घास आणि गोळी ते फक्त माझ्या हातून घ्यायचे. घास पुढे केला की आधी माझ्या बाहीची कडा चिमटीत धरून शिलाई बघायचे, मग तोंड उघडायचे. पगारी बाई ठेवून पाहिली. तिच्या तळहातावर त्यांनी गोळी थुंकली. दुसरी ठेवली, तिच्यासमोर दिवसभर ओठ मिटून बसले; मी ऑफिसात असताना ती नुसती सोबतीला असायची, घास आणि गोळी सकाळ-संध्याकाळ माझ्याकडेच. आणि गोळी चुकली की त्यांना झटका येतो. एकदा आला होता, तेव्हा जमिनीवर पडून जीभ चावली होती. ते रक्त मी पुसलं आहे, त्यामुळे मला कुणी शहाणपण शिकवू नये, दोन दिवसांनी काय बिघडतं म्हणून.

म्हणजे प्रश्न एवढाच होता. मी ऑपरेशनला गेले तर बाबा दुसऱ्या कुणाच्या हातून गोळी घेणार की नाही. भाऊ म्हणाला, "मी आहे ना."

त्याच सुमाराला ऑफिसात वरून फर्मान निघालं की सराव करून दाखवा. एक नंबर मुद्दाम बंद करायचा आणि दोन नंबर उभा राहतो का ते बघायचं. साहेबांना ते मुळीच रुचलं नाही. चालू गोष्टीला हात लावायचा नाही हा त्यांचा धर्म. पण फर्मान ते फर्मान. गर्दी कमी म्हणून सुट्टीच्या दिवसाची दुपार धरली. साहेब, मी आणि आमची काकू. काकू माझ्याहून बरीच लहान आहे, पण तिच्या पर्समध्ये सुईदोऱ्यापासून पेचकसापर्यंत सगळं असतं म्हणून तिला काकू म्हणतात. साहेबांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "एक नंबर बंद करा." मी केला.

पडद्यावरचा एक ठिपका लाल झाला. दोन नंबर हिरवाच होता आणि सगळं काम त्याच्याकडे वळलं. साहेबांचा जीव भांड्यात पडला, ते टाळ्या वाजवणार एवढ्यात फोन सुरू झाले. एका दवाखान्यातली काउंटरवरची बाई अक्षरशः रडकुंडीला आली होती. रांगेतल्या म्हाताऱ्या माणसाचा नाव, वय, दुखणं, आधीच्या तपासण्या असा सगळा अर्ज तिने भरत आणला होता आणि एकाएकी समोर कोरा कागद आला. आता ते आजोबा म्हणत होते की मी पुन्हा सगळं सांगणार नाही. सगळीकडून तीच तक्रार. दोन नंबर होता, जागा होता, तत्पर होता, पण त्याला कुणाचंच काही माहीत नव्हतं.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. आमच्या आधीच्या लोकांनी एक सोय करून ठेवली होती: जो माणूस एकदा एक नंबरकडे गेला तो एक नंबरलाच चिकटणार. त्याने जे जे सांगितलं ते एक नंबर आपल्या डोक्यात ठेवणार, बाहेर कुठे लिहिणार नाही. त्याने काम भराभर होतं. शेजारी चार शब्द लिहून ठेवले होते, ही सोय तात्पुरती आहे. तात्पुरत्या गोष्टी किती टिकाऊ असतात ते आमच्या धंद्यात आल्याशिवाय कळत नाही.

दुरुस्ती मी आणि काकूने मिळून ठरवली. माणसांनी भरलेलं सगळं तिसऱ्या जागी ठेवायचं, दोघांनाही दिसेल असं. आणि दोन नंबरला बसवून ठेवायचं नाही. आजपासूनच अर्धी माणसं त्याच्याकडे; आणि बंद पडलेला दुरुस्त होऊन आला की काम लगेच त्याच्याकडे ओढायचं नाही, आधी मागे उभं करायचं. साहेब कुरकुरले की एक नंबर समर्थ असताना दुसऱ्याला कशाला त्रास. काकू म्हणाली, "साहेब, नुसतं बसलेल्याला काम येत नाही. रोज थोडं करवून घेतलं तरच ऐन वेळी जमतं." बोलली ती साहेबांशी, पण मी घरी जाईपर्यंत माझ्याच कानात ते वाजत राहिलं. मला त्या वाजण्याचा राग आला. मी इतकी दमले होते की शहाणपणाची गोष्टसुद्धा कुणीतरी माझ्याकडून काहीतरी मागतंय असंच वाटायचं.

तरी मी भावाला फोन केला. म्हटलं, ऑपरेशनच्या दिवशी येऊन उपयोग नाही, उद्यापासून ये. संध्याकाळचं जेवण आणि गोळी तुझी. तो नेहमीचं वाक्य बोलायला लागला.

"आहेस ते माहीत आहे," मी म्हटलं. "आता काहीतरी कर."

तो म्हणाला, ऑफिस सुटल्यावर येतो. आणि आला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

पहिली संध्याकाळ वाईट गेली. भावाने मऊ भाताचा चमचा पुढे केला, बाबांनी त्याच्या बाहीकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. तो लाडीगोडी लावायला लागला, बाबा, एवढा एकच, माझ्यासाठी. बाबांना तो कोण तेच माहीत नव्हतं, त्याच्यासाठी ते कशाला खातील? मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. बाबांनी मला पाहिलं आणि लहान मुलासारखा माझ्याकडे हात केला. मी दोन पावलांत टेबलाशी गेले, चमचा भावाच्या हातून घेतला आणि पाच मिनिटांत ताट रिकामं केलं. दुसऱ्या संध्याकाळी तेच, तिसऱ्या संध्याकाळी तेच. भाऊ सुरुवात करायचा, मी शेवट करायचे. मनातून, खोटं कशाला बोलू, मला थोडं बरंही वाटायचं.

पुढच्या वेळी भावाने चमचा खाली ठेवला.

"ताई, तू दारात असलीस की ते तुझीच वाट बघतात. तू बाहेर जा."

"कुठे बाहेर?"

"कुठेही. घराबाहेर."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रविवारी फळं घेऊन येणारा माणूस मला माझ्याच घरातून जा म्हणतो. मी बरंच बोलले. गोळ्यांचं त्याला काय माहीत, झटका म्हणजे काय हे त्याने कधी पाहिलंय का, जमिनीवरचं रक्त कुणी पुसलं. तो ऐकून घेत राहिला. माझा दम संपला तेव्हा मी खुर्चीत बसले आणि मला आमच्या धंद्यातली एक जुनी रीत आठवली. काम एकाकडून दुसऱ्याकडे द्यायचं असतं तेव्हा जुन्याला नुसतं बाजूला हो म्हणून भागत नाही. तो अर्धवट जागा राहिला तर त्याला वाटत राहतं की अजून आपणच मुख्य आहोत. दोघंही हुकूम सोडतात आणि सगळ्याचा विचका होतो. म्हणून त्याची वीजच तोडतात. हे मी स्वतः कितीतरी नवख्या माणसांना शिकवलं आहे, हातवारे करून. इतकी वर्षं ते सांगताना मला एकदाही त्या जुन्या यंत्राची दया आली नव्हती.

मी पायात चपला अडकवल्या आणि खाली उतरले.

आमच्या इमारतीसमोर एक लाँड्री आहे, तिच्या बाहेर बाक आहे. मी तिथे बसले. आत मशीनमध्ये कुणाच्या तरी चादरी गरगरत होत्या. वर आमच्या खिडकीत दिवा दिसत होता आणि भावाची सावली इकडून तिकडे जात होती. इतका का फिरतोय? बाबा पडले तर नाहीत? मी उठले. तेवढ्यात भाऊ खिडकीशी आला, त्याने खाली पाहिलं, मला पाहिलं आणि पडदा ओढून घेतला. एवढा अपमान माझा कुणी केला नव्हता. मी परत बसले. बसल्या बसल्या डोळा लागला. लाँड्रीवाला बाहेर येऊन म्हणाला की बाई, तुमचा फोन वाजतोय.

"घेतली," भाऊ म्हणाला. "जेवण अर्धंच झालं, पण गोळी घेतली."

मला खरं वाटेना. मी वर गेले तर भाऊ खोलीच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभा होता आणि बाबा त्याच्या खांद्याचं माप घेत होते. ती टेप मी कपाटावर टाकून ठेवली होती. बाबा ती गळ्यात अडकवायचे आणि मला भीती वाटायची की फास बसेल. कात्री, सुया, टेप, सगळं मी त्यांच्यापासून दूर ठेवलं होतं. भावाने टेप काढली होती आणि गिऱ्हाईक होऊन म्हणाला होता, मास्तर, एक शर्ट शिवायचाय. बाबा उठले होते. छाती, बाही, कॉलर, सगळं घेतलं होतं, आकडे मोठ्याने म्हटले होते. आणि माप झाल्यावर गिऱ्हाईकाने म्हटलं, मास्तर, दमलात, ही गोळी घ्या, तेव्हा मास्तरांनी ती पाण्याबरोबर निमूट घेतली होती. आता दुसऱ्यांदा माप चाललं होतं. बाबांचे हात एरवी कापतात, तेव्हा कापत नव्हते.

मी बाबांना जपत होते. त्यांना काही काम द्यावं हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. मला आनंद झाला आणि मला हेवाही वाटला, आणि हेवा जास्त होता. भावाला मी एवढंच म्हटलं की गोळी जेवणानंतरची आहे, आधीची नाही. तो म्हणाला, "बरं, ताई." टोमणा कळला असणार, पण त्याने तो वाढू दिला नाही.

तारखेपर्यंत मी रोज संध्याकाळी बाकावर बसले. भावाचं माप इतक्या वेळा घेतलं गेलं की तो म्हणायला लागला, मास्तर आता डोळे मिटून माझे कपडे शिवतील. सकाळचं जेवणही हळूहळू त्याच्याकडे गेलं. एकदा मी घरात असतानाच बाबांनी त्याच्या हातून घास घेतला आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. मी पटकन बेसिनशी जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

ऑपरेशन नीट झालं. गाठ कुणाला बघायचीय का असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा बाबांजवळ सोबतीची बाई बसवून तासभर आलेला भाऊ पांढराफटक पडला, असं भावजयीने सांगितलं. तो आमच्या घरी राहायला आला होता आणि भावजय माझ्याजवळ होती. मी झोपले. किती ते सांगता येणार नाही. जाग आली की उठायचं काही कारण सापडायचं नाही, मग मी परत झोपायचे. एकदा डोळे उघडले तर काकू पर्स मांडीवर घेऊन बसलेली. तिने सांगितलं की एक नंबर खरोखरच गेला, ऐन सकाळच्या गर्दीत, आतला पंखा जळून. साहेबांनी मला फोन करायला घेतला होता, पण पडद्याकडे पाहिलं तर काम चालूच होतं. एकही तक्रार आली नाही. कुणाला कळलंसुद्धा नाही.

"मग एक नंबर दुरुस्त झाल्यावर?" मी विचारलं.

"आणला की परत. पण काम लगेच त्याच्याकडे नाही ओढलं. चाललेलं कशाला मोडायचं? आता तो दोन नंबरच्या मागे उभा राहील."

मी छान म्हटलं. छानच होतं ते, मीच तर तसं ठरवून आले होते. काकू गेल्यावर मी बराच वेळ छताकडे बघत पडले.

घरी आणलं तेव्हा दुपार होती. जिना मी भावाच्या दंडाला धरून चढले आणि मधल्या वळणावर थांबावं लागलं नाही. आत टेबलावर जेवण मांडलं होतं, बाबा आपल्या खुर्चीत. दाढी केलेली, शर्टाची बटणं नीट लावलेली. वजन थोडं वाढलं होतं. जड काही उचलायचं नाही, वाकायचं नाही असं मला बजावलं होतं, पण चमचा जड नसतो. मी बाबांच्या शेजारी बसले, भात नीट मऊ केला आणि सवयीने चमचा पुढे धरला. माझा हात त्यांना आठवेल याची मला इतकी खात्री होती की मी बाही पुढे करून ठेवली होती.

बाबा मागे सरकले. रागाने नाही, अनोळखी माणूस फार जवळ आला की आपण सरकतो तसे. त्यांनी बाहीला हात लावला नाही. भावाकडे पाहिलं, हे काय चाललंय असं. भावाचा चेहरा उतरला. तो घाईने म्हणाला, "बाबा, ही ताई. आपली ताई आली." बाबांनी मान डोलावली, ज्यांचं नाव आठवत नाही अशा पाहुण्यांसमोर माणसं डोलावतात तशी. मग ते मला बघत राहिले. माझा चेहरा, गळा, हात, दुकानात आलेल्या गिऱ्हाईकाला बघायचे तसे बारकाईने, नजर न चोरता. माझा चमचा अजून हवेतच होता.

"यांना आधी वाढ," ते भावाला म्हणाले. "बाई फार दमलेल्या दिसतात."

इतक्या वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं. भाऊ नाही, भावजय नाही, साहेब तर नाहीच. डॉक्टरीणबाईंनी माझं रक्त मोजलं होतं, पण असं कुणी पाहिलं नव्हतं. आणि ज्याने पाहिलं त्याने मी कोण ते विसरल्यावर पाहिलं, याचं मला इतकं वाईट वाटलं की टाके ओढले जातील म्हणून मी पोटावर हात दाबून धरला आणि रडले. भाऊ उठायला लागला. मी त्याला म्हटलं, "बस. बाबा म्हणतात तसं कर."

त्याने माझं ताट वाढलं. बाबा हात मांडीवर ठेवून थांबले. मी पहिला घास घेतल्यावरच त्यांनी भावासमोर तोंड उघडलं. मधे एकदा त्यांनी माझ्या ताटात डोकावून पाहिलं आणि मला आणखी वाढायला सांगितलं. मी नको म्हटलं नाही.